ब्रनोचा रूममेट क्लासला जात नाही, मी काय करू? (सविस्तर उत्तर)

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर तुम्हाला लगेच सांगता येईल. तुम्ही आयोवात मास्टर्स करताय. ऑगस्टपासून तुमच्या अपार्टमेंटमध्ये झेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरातला एक वीस वर्षांचा मुलगा राहतोय, एका सेमिस्टरच्या एक्स्चेंजवर आलेला, इकॉनॉमिक्सवाला. पहिले काही आठवडे मजेत गेले. आता ऑक्टोबर अर्धा संपला आणि तो दुपारच्या क्लासला जात नाही, हेडफोन लावून घरच्या मित्रांशी बोलत बसतो, एका कोर्सच्या मिडटर्मला शंभरात चाळीस आले तरी ‘शेवटी करतो सगळं’ म्हणतो, चारपैकी तो एक कोर्स ड्रॉप करायचं त्याच्या डोक्यात आहे, आणि तुम्ही चोवीसचे म्हणून तुम्हाला बिअर आणायला सांगतो. तुम्हाला तीन गोष्टी हव्यात: हे डिप्रेशन आहे का, त्याच्या आईवडिलांना कळवावं का, आणि यात पडायचा तुम्हाला हक्क आहे का.

मी मिडवेस्टमधल्याच एका स्टेट युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसात बरीच वर्षं एक्स्चेंजच्या मुलांचं काम बघते, जे-१ व्हिसाचे, म्हणजे एक्स्चेंजवाल्यांच्या व्हिसाचे, कागद माझ्या टेबलावरून जातात आणि त्यात झेक मुलं जवळजवळ दरवर्षी असतात. तुम्ही लिहिलंय तसं चित्र मी ऑक्टोबरमध्ये इतक्या वेळा बघितलंय की माझा पहिला अंदाज उदासीचा नाहीये. माझा अंदाज असा की तो परीक्षेच्या मोसमाची वाट बघतोय, आणि असा मोसम अमेरिकेत येतच नाही. उदासी असेलही, पण बऱ्याचदा ती मागून येते, मार्क हातात पडले की. अर्थात मी त्याला भेटलेली नाही आणि तुमच्या एका पोस्टवरून निदान करणं बरोबर नाही, म्हणून कुठली लक्षणं दिसली तर माझा हा अंदाज बाजूला ठेवायचा तेही खाली लिहिते.

आता हे परीक्षेचं काय ते नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं यावर उभं आहे. झेक युनिव्हर्सिटीत सेमिस्टरचे दोन वेगळे भाग असतात. आधी साधारण तीन महिने शिकवणं, मग शिकवणं पूर्ण बंद आणि पाच-सहा आठवडे फक्त परीक्षा. हिवाळ्याच्या सेमिस्टरच्या परीक्षा मुख्यतः जानेवारी-फेब्रुवारीत. त्या काळात प्राध्यापक एकेका विषयाच्या अनेक तारखा लावतात, विद्यार्थी ऑनलाइन सिस्टिममध्ये आपल्याला हवी ती तारीख घेतो, पहिल्या तारखेला नाही जमलं तर दुसरी, बहुतेक फॅकल्ट्यांत (म्हणजे युनिव्हर्सिटीतल्या कॉलेजांत) तिसरीसुद्धा. लेक्चरला हजेरी बऱ्याच ठिकाणी घेतच नाहीत, सेमिनारला घेतात. अशा पद्धतीत हुशार मुलगा काय शिकतो? शिकवण्याच्या महिन्यांत सेमिनारपुरतं करायचं, बाकी आयुष्य जगायचं, आणि परीक्षेच्या मोसमात दार लावून दिवसरात्र अभ्यास करायचा. हे आळशीपणाचं लक्षण नाही, तिथे हे व्यवस्थित चालतं आणि त्यातून चांगले इंजिनियर-डॉक्टर तयार होतात. आपल्याकडेसुद्धा पीएल लागली की अभ्यासाला बसणारे आणि राहिलंच तर एटीकेटी आहे म्हणणारे आपण सगळे बघितलेत, त्यामुळे तुम्हाला हे समजायला जड जाऊ नये. फरक इतकाच की तुम्ही दोन वर्षांसाठी आलात, पहिल्या सेमिस्टरला दणका बसला तरी सावरायला तीन सेमिस्टर होती. त्याच्याकडे एकच आहे आणि त्यातलं अर्धं गेलं.

इथे ग्रेड रोज थोडी थोडी बनते. आणि नुसतं ‘इथे कंटिन्युअस असेसमेंट आहे’ असं सांगून काही होत नाही, ओरिएंटेशनला आम्ही ते सांगतोच, मुलं मान हलवतात. आकडा समोर ठेवला की कळतं. एक नमुन्याचा सिलॅबस धरा: होमवर्क २०, वर्गातला सहभाग १०, दोन मिडटर्म प्रत्येकी २० आणि फायनल ३०. पहिल्या मिडटर्मला शंभरात ४० म्हणजे २० पैकी ८, बारा गेले. आतापर्यंतची होमवर्कं दिली नाहीत तर आठ गेले समजा. सहभागाचे चार गेले. एकूण चोवीस. म्हणजे आजपासून सगळं पैकीच्या पैकी मिळालं तरी तो ७६ च्या वर जाऊ शकत नाही, आणि फायनलला त्याने चमत्कार केला तरी ती ३० चीच आहे, तिला दुसरी तारीख नाही. हे गणित त्याच्याशी बसून, त्याच्याच सिलॅबसवर, कागदावर करा. चारही कोर्सचं. माझ्या ऑफिसात मी हेच पहिलं करते, बाकी गप्पा नंतर. कारण बहुतेक मुलांचा चेहरा इथे बदलतो, त्यांना पहिल्यांदा दिसतं की शेवट आत्ताच चालू आहे.

आणि या गणितातून कधीकधी चांगली बातमीही निघते. एक्स्चेंजवर आलेल्या मुलाला बहुधा ए ग्रेडची गरज नसते. त्याची घरची फॅकल्टी बघते की कोर्स पास झाला का आणि क्रेडिट मिळाले का. इथले १५ क्रेडिट म्हणजे तिकडचे साधारण ३० ईसीटीएस (युरोपातले क्रेडिट) असा हिशोब बरेच जण लावतात, पण पक्कं प्रमाण आणि किमान ग्रेड त्याच्या लर्निंग अॅग्रीमेंटवर आणि घरच्या कोऑर्डिनेटरवर अवलंबून असतं. काही ठिकाणी डी चालतो, काही ठिकाणी सी लागतो. हे त्याने आज ईमेल करून विचारावं, अंदाजाने धरून चालू नये. कारण क्रेडिट कमी पडले तर घरच्या युनिव्हर्सिटीने दिलेला स्टायपेंड परत मागितला जाऊ शकतो, तशी अट बऱ्याच करारांत असते आणि मुलांनी ती सही करताना वाचलेली नसते.

आता ड्रॉपचं. इथे घाई करू देऊ नका, मी हे अगदी कळकळीने सांगतेय. चार कोर्स तीन-तीन क्रेडिटचे असतील तर तो बरोबर बारावर आहे, आणि अंडरग्रॅज्युएट लेव्हलला जे-१ साठी फुल टाइम म्हणजे साधारण बाराच. एक कोर्स काढला की नऊ. ते जर त्याने इंटरनॅशनल ऑफिसातल्या आरओ किंवा एआरओची, म्हणजे जे-१ चं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याची, आधी परवानगी न घेता केलं तर त्याचं स्टेटस अडचणीत येतं, आणि नंतर येऊन ‘मला माहीत नव्हतं’ म्हटल्यावर आमच्या हातात फार कमी उरतं. आधी आला तर मात्र बरंच काही करता येतं. अभ्यासाची खरी अडचण असेल, तब्येतीचं कारण असेल तर कमी कोर्सची परवानगी देण्याची तरतूद नियमांत आहे. दुसरा रस्ता फार कमी मुलांना माहीत असतो: बऱ्याच स्टेट युनिव्हर्सिट्यांत सेमिस्टरच्या उत्तरार्धात सुरू होणारे आठ आठवड्यांचे छोटे कोर्स असतात, ते साधारण ऑक्टोबरच्या मध्यालाच चालू होतात. बुडालेला कोर्स सोडून तसा एक घेतला तर क्रेडिट बारावर राहतात आणि कोरी पाटी मिळते. पण त्याची नोंदणीची मुदत दोन-चार दिवसांचीच असते, तुमच्याकडे ती कदाचित याच आठवड्यात संपत असेल, म्हणून पुढचं वाचायच्या आधी अॅकॅडेमिक कॅलेंडर उघडून त्या तारखा बघा. आणि नवीन कोर्स घरच्या फॅकल्टीला मान्य आहे का तेही त्याच ईमेलमध्ये विचारायला सांगा.

प्रोफेसरला भेटायचं तो टाळत असेल, यावर मी पैज लावीन. झेक युनिव्हर्सिटीत प्राध्यापकाशी बोलताना पदवीसकट, आदरार्थी बोलतात, अगदी आपल्या अहो-जाहो सारखं. इथला प्रोफेसर पहिल्या दिवशी नुसतं नावाने हाक मारा म्हणतो, आणि मुलाला कळत नाही की हा माणूस जवळचा समजायचा की लांबचा, मग तो काहीच लिहीत नाही. त्याला सांगा की ऑफिस अवर, म्हणजे प्रोफेसरने विद्यार्थ्यांना भेटायला ठेवलेली वेळ, हे नापास होणाऱ्यांसाठी ठेवलेलं नाहीये, तो कोर्सचाच भाग आहे, आणि तिथे जाऊन दोनच गोष्टी विचारायच्या: आत्ता मी नक्की कुठे आहे आणि इथून कोणती ग्रेड शक्य आहे. माफी मागत बसायची गरज नाही, लांबलचक कारणं द्यायची गरज नाही. अमेरिकन प्रोफेसर या प्रश्नाला फार चांगलं उत्तर देतात, न दिलेल्या होमवर्कपैकी काही उशिरा घ्यायलाही कधी तयार होतात. कधी नाही होत. पण न विचारणाऱ्याला तर नक्कीच नाही मिळत.

दुपारच्या हेडफोनबद्दल. तुम्ही आयोवात, म्हणजे ब्रनो सात तास पुढे. तिकडे रात्रीचे आठ वाजतात, सगळे मित्र मोकळे होतात, तेव्हा तुमच्याकडे दुपारचा एक. त्याचे क्लास नेमके एक ते चार असणार. म्हणजे तो रोज निवडतोय: अनोळखी वर्ग की ओळखीचे आवाज. विसाव्या वर्षी कोणीही आवाज निवडेल. त्याला मित्रांशी बोलू नकोस असं सांगू नका, ते क्रूर होईल आणि तो ऐकणारही नाही. आठवड्यातून दोन दिवस ठरवून घे आणि शक्यतो शनिवार-रविवार घे, असं सुचवा. तिकडच्या लोकांना शनिवारी संध्याकाळी आवडेलच आणि इकडे त्याची सकाळ-दुपार मोकळी असते.

शनिवार-रविवार मी मुद्दाम म्हणतेय. झेक विद्यार्थ्यांच्या आयुष्यात वीकेंडला फार जागा आहे, हे बाहेरच्याला लक्षात येत नाही. शुक्रवारी दुपारी तिथली हॉस्टेलं रिकामी होतात, मुलं ट्रेनने घरी जातात, कपडे धुऊन आणतात, रविवारी रात्री आईने दिलेले डबे घेऊन परततात. देश छोटा, ट्रेन स्वस्त. म्हणजे तो ब्रनोचाच असो की आसपासच्या गावातला, घरापासून सलग चार महिने लांब राहायचा अनुभव त्याला बहुतेक नाहीये, आणि ‘युनिव्हर्सिटी म्हणजे आठवड्याचे पाच दिवस’ हीच त्याची सवय आहे. दुसरं म्हणजे जंगल. तिकडे वीकेंडला चालायला जाणं हा साऱ्या देशाचा छंद आहे, १८८८ पासूनचा त्यांचा एक पर्यटकांचा क्लब आहे जो रंगीत पट्ट्यांनी पायवाटा आखतो, घरातून निघून ट्राम पकडली की तासाभरात माणूस झाडीत असतो आणि शेवटी कुठेतरी सूप आणि बिअर मिळते. आयोवात काय आहे? मक्याची आणि सोयाबीनची शेतं, सगळी खाजगी, चालायला जायचं म्हटलं तर गाडी लागते. त्याची डोकं शांत करायची रीतच बंद झालीय आणि ते त्याला स्वतःला शब्दांत सांगता येत नसेल. तुमच्याकडे किंवा तुमच्या ग्रुपमध्ये कोणाकडे गाडी असेल तर एका रविवारी लेक मॅकब्राइडला किंवा माकोकेटा केव्ह्जला जा. लांबचं चालून या. फार बोलू नका, चालताना तो आपणहून बोलेल. (मशरूम दिसलं तर तो वाकणार हे नक्की, तिकडे मशरूम ओळखणं सगळ्यांना येतं. पण इथल्या जाती वेगळ्या आहेत, ओळखीचं वाटलं तरी खायचं नाही हे आधीच बजावा.)

तुमच्या देसी ग्रुपमध्ये त्याला घ्यावं का, असं तुम्ही शेवटी ओझरतं विचारलंय. जरूर घ्या, दिवाळीच्या फराळाला तर घ्याच. पण एक विनंती आहे. आपण सहा जण जमलो की पाच मिनिटांत मराठी नाहीतर हिंदी सुरू होते, मग कोणीतरी अपराधी वाटून एक विनोद इंग्रजीत भाषांतर करतो आणि पुन्हा मराठी. तो चकली खात हसरा चेहरा धरून बसतो आणि घरी गेल्यावर आधीपेक्षा एकटा होतो. त्याच्यासाठी मोठी पार्टी नको, दोघा-तिघांचं जेवण चांगलं. एखाद्या रविवारी त्यालाच स्वयंपाक करू द्या. तिकडे दुपारचं गरम जेवण मुख्य आणि सुरुवात सूपने, इथे दुपारी थंड सँडविच खाऊन खाऊन मुलं वैतागलेली असतात.

सिडर रॅपिड्स या शहराचा सल्ला तुम्हाला कोणीतरी दिलेला दिसतोय, ‘तिथे झेक लोक आहेत, तिकडे ने’. खरंय, आयोवा सिटीपासून अर्ध्या तासावर आहे, तिथे झेक व्हिलेज नावाची वस्ती आहे आणि राष्ट्रीय झेक-स्लोव्हाक म्युझियम आहे. २००८ च्या पुरात ते बुडालं, मग अख्खी इमारत उचलून उंचावर सरकवली आणि २०१२ ला पुन्हा उघडलं. प्रसिद्ध झेक संगीतकार ड्वोर्झाकने १८९३ चा उन्हाळा याच राज्यातल्या स्पिलव्हिल या झेक वस्तीच्या गावात काढला होता. पण हे त्याच्यावर काम करेल की नाही ते मुलावर अवलंबून आहे. तिथले झेक म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी आलेल्यांचे पणतू. त्यांच्याकडे पोल्का नाच आहे, कोलाचे नावाचे गोड पाव आहेत, पणजीचे चार शब्द आहेत. तंजावरच्या मराठी माणसाला पुण्याच्या कॉलेजातला मुलगा भेटल्यावर जसं होईल तसं काहीसं. काही मुलं तिथे एखाद्या ऐंशी वर्षांच्या आजीच्या तोंडून जुनी झेक ऐकून हेलावून जातात, पुढे दर महिन्याला जातात. काहींना वाटतं हे लोक आपल्याला संग्रहालयातली वस्तू समजतायत. एकदा विचारा, नाही म्हणाला तर पुन्हा विचारू नका. आणि जाता जाता, त्याला चेकोस्लोव्हाकियाचा म्हणू नका, तो देश १ जानेवारी १९९३ लाच दोन झाला, त्याच्या जन्माच्याही आधी. ब्रनो देशाच्या पूर्वेकडच्या मोराव्हिया भागात येतं आणि तिथल्या लोकांना प्रागवाल्यांत मोजलेलं आवडत नाही, हेही लक्षात असू द्या.

बिअर. इथे माझं उत्तर अवलंबून वगैरे काही नाही: आणून देऊ नका. त्याच्या देशात अठराव्या वर्षी कायद्याने पिता येते, तो दोन वर्षं पितोय, त्याच्या दृष्टीने तुम्ही मदत नाकारताय. पण आयोवात एकवीसच्या खालच्या माणसाला दारू पुरवणं हा गुन्हा आहे आणि तो गुन्हा तुमच्या नावावर लागेल. तुम्ही एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहात. पुढच्या स्टॅम्पिंगला डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जामध्ये अटक झाली होती का हा प्रश्न असतोच. एका सिक्स-पॅकसाठी हे डोक्याला लावून घेऊ नका. त्यालाही धोका आहे: आयोवा सिटीत तर वयाखालच्याकडे दारू सापडली की मिळणाऱ्या तिकिटाला मुलं ‘पॉला’च (गुन्ह्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं) म्हणतात, इतकं ते नेहमीचं आहे, आणि २०१० पासून रात्री दहानंतर एकवीसच्या खालच्यांना तिथल्या बारमध्ये थांबता येत नाही. हे त्याला शांतपणे समजावा, चिडवू नका. माझ्या अनुभवात या मुलांना दारू फारशी नकोच असते, त्यांना तो टेबल हवा असतो जिथे चार जण दोन-तीन तास घाई न करता बसतात, कोणी ‘चल मला काम आहे’ म्हणून उठत नाही. तिकडे ते टेबल पबमध्ये असतं. अमेरिकन कॅम्पसवर असं टेबल शोधावं लागतं आणि ते बहुतेक कुठल्या तरी कामाभोवती असतं: इंट्राम्युरल, म्हणजे कॅम्पसवरच्या हौशी टीमचं, सॉकर किंवा हॉकी, क्लाइंबिंग वॉल, बोर्ड गेमची रात्र. इथले लोक आधी एकत्र काहीतरी करतात आणि मग मित्र होतात, आणि त्यासाठी त्याच जागी, त्याच वारी, पाच-सहा वेळा दिसावं लागतं. एकदा जाऊन ‘कोणी बोललं नाही’ म्हणून परत आलेली मुलं मी खूप बघते. डिसेंबरमध्ये जाणारा माणूस म्हणून लोक त्याच्यात गुंतत नाहीत हेही खरं आहे, पण तोही तेच कारण धरून लोकांमध्ये गुंतत नाही. त्याला दोन महिने उरलेत, दोन महिन्यांत मैत्री होते.

आता तुमचे मूळ तीन प्रश्न. आईवडिलांना कळवू नका. तो सज्ञान आहे, तुम्ही त्याच्यासोबत राहता, आणि तुम्ही पाठीमागे फोन केलात हे कळलं की तुमचं घर राहण्यासारखं उरणार नाही, शिवाय हजारो मैलांवरून ते काळजीशिवाय काही करू शकत नाहीत. इंटरनॅशनल ऑफिसला सांगायचा मात्र तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आधी त्याला सांगा की मी जातोय किंवा आपण दोघं जाऊ, तेच सगळ्यात चांगलं. विद्यार्थ्यांची माहिती गोपनीय ठेवणाऱ्या फर्पा नावाच्या कायद्यामुळे ऑफिस तुम्हाला त्याच्या ग्रेडबद्दल, फाइलबद्दल काहीही सांगणार नाही, पण तुम्ही सांगितलेलं ऐकून घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. आम्ही ऐकतो आणि मग आमच्या पद्धतीने त्याला बोलावतो. बऱ्याच मुलांना वाटतं की ऑफिसात गेलं की घरी पाठवतील. तसं नसतं, आमचा अर्धा वेळ मुलं टिकावीत म्हणूनच जातो.

आणि डिप्रेशन. वरचं गणित करून, प्रोफेसरला भेटून, एखादा रविवार बाहेर काढूनही काही हललं नाही, तो जेवत नाही, दिवस-रात्र उलटी झालीय, मित्रांशी बोलणंही बंद केलं, आवडीच्या गोष्टी टाकल्या, तर माझा अंदाज सोडून द्या आणि त्याला काउन्सेलिंग सेंटरला घेऊन जा. सुरुवातीच्या भेटी बहुतेक युनिव्हर्सिट्यांत विद्यार्थ्यांना मोफत असतात. सोबत चालत जा, नुसती लिंक पाठवून काम होत नाही. आणि जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचं काहीही बोलला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, ९८८ या संकटकाळच्या हेल्पलाइनवर फोन किंवा मेसेज करायचा, दिवसरात्र चालू असतं, तुम्ही स्वतः त्याच्यासाठी केला तरी चालतं. त्या वेळी तो रागावेल याचा विचार करू नका.

नोव्हेंबरचं आत्ताच ठरवा. १७ नोव्हेंबरला त्याच्या देशात सुट्टी असते आणि ती विद्यार्थ्यांचीच आहे: १९३९ ला त्या तारखेला नाझींनी झेक विद्यार्थी नेत्यांना गोळ्या घातल्या आणि युनिव्हर्सिट्या बंद केल्या, आणि १९८९ ला त्याच दिवशी प्रागमध्ये विद्यार्थ्यांच्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या, तिथून कम्युनिस्ट राजवट कोसळायला लागली. ब्रनोमध्ये त्याचे मित्र बाहेर पडलेले असतील आणि इथे त्याच्याभोवती कोणाला काही पत्ता नसेल. त्या संध्याकाळी त्याला विचारा, घरी काय सांगतात त्या दिवसांबद्दल. त्याचे आईवडील तेव्हा लहान असतील, आजी-आजोबा कामाला जात असतील, घरोघरी काही ना काही असतंच. मग आठ-दहा दिवसांत थँक्सगिव्हिंग येतं आणि गाव रिकामं होतं, डायनिंग हॉल बंद, बस कमी. आमच्यासारख्या ऑफिसांकडे स्थानिक कुटुंबांच्या याद्या असतात जी परदेशी मुलांना जेवायला बोलावतात, नाव द्यायची मुदत बहुधा नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपते. त्याचं नाव घाला, आणि तुम्ही कुठे जात नसाल तर तुमचंही.

कागदाच्या दोन गोष्टी पटकन. पत्ता बदलला तर दहा दिवसांत ऑफिसला कळवायचा. फायनल संपल्यावर डीएस-२०१९ या त्याच्या जे-१ च्या फॉर्मवरच्या शेवटच्या तारखेनंतर त्याला तीस दिवस अमेरिकेत राहून फिरता येतं, पण त्या तीस दिवसांत मेक्सिको-कॅनडाला गेला तर त्याच जे-१ वर परत आत येता येत नाही, हे दरवर्षी कोणीतरी विसरतं. आणि कॅम्पसवर काम केलं असेल तर टॅक्सचा फॉर्म तुमचा बघून भरू देऊ नका. भारत-अमेरिका करारात आपल्या विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, झेक करारात ते नाही, तिथे वर्षाला ५,००० डॉलरपर्यंतची कमाई करमुक्त आहे. काहीच कमावलं नसेल तरी टॅक्स खात्याचा फॉर्म ८८४३ घरी गेल्यावरही पाठवायचा असतो.

तर आज रात्री एवढंच: अॅकॅडेमिक कॅलेंडरवरच्या दोन तारखा, म्हणजे ड्रॉपची शेवटची आणि उत्तरार्धातल्या कोर्सच्या नोंदणीची, आणि चार सिलॅबस टेबलावर. त्याची हरकत नसेल तर नाव-गाव न देता चारही कोर्सची टक्केवारी इथे टाका, कुठला ठेवावा आणि कुठला सोडावा ते मी बघून सांगते.